गाडी सापडली म्हणता, पण हरवली होती कुठे?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातले एक वाचक, वय ४८, खासगी कंपनीत नोकरी. वडिलांची काळी-पिवळी फियाट टॅक्सी होती, ती १९९४ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी विकावी लागली. आता हे आणि चार मित्र दर रविवारी जुन्या गाड्या हुडकत गोवाभर फिरतात, फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. दिवाडी बेटावर एका जुन्या घराच्या गराजीत त्यांना १९६६ ची फियाट ११०० डिलाइट दिसली, जीडीने सुरू होणाऱ्या जुन्या नंबराची. चाकांखाली लाकडाचे ठोकळे, अंगावर पलंगपोस. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या; पतीला जाऊन वीसेक वर्षे झाली, मुलगी लिस्बनला, मुलगा इंग्लंडातल्या स्विंडनला. पहिल्या भेटीत बाई म्हणाल्या, "गाडी विकपाची ना, ती तांची" (विकायची नाही, ती त्यांची). चौथ्या खेपेला म्हणाल्या, साठ हजार द्या आणि न्या. मित्र म्हणतात, तीन-चार लाखांचा माल आहे, उद्याच उचल. लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने दे, वर्षात पैसे सुटतील. पत्नी म्हणते, साठवलेल्या साडेतीन लाखांत आधी घराची कौलं शाकारू, आणि गाडीच हवी तर नवी लीजवर घेऊ. "ताई, घेऊ की नको? आणि खरी किंमत त्या बाईंना सांगायची की गप्प राहायचं?"

तुमच्या पत्रात 'सापडली' हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजला. गाडी सापडली, खजिना सापडला, नशिबाने सापडली. आणि त्याच पत्रात तुम्ही लिहिता की चाकांखाली ठोकळे आहेत आणि वरचा पलंगपोस धुतलेला आहे. अहो, टाकून दिलेल्या गाडीला ठोकळ्यांवर कोण चढवतं? टायर बसू नयेत म्हणून कुणीतरी जॅक लावून ते काम केलंय, आणि वीस वर्षं कुणीतरी ती चादर काढून, धुऊन, वाळवून परत घालतंय. दिवाडीच्या पावसात चादर वाळवणं हेही कामच आहे. ही गाडी हरवलेली नव्हती. तुम्हाला ती दिसली, एवढंच.

हे शब्दाचं खुसपट नाही. 'सापडली' म्हटलं की वस्तू आपोआप आपली वाटू लागते आणि मालक मध्ये आल्यासारखा वाटतो. मग साठ हजारांचा आकडा लॉटरी वाटतो. मला तो आकडा वेगळा दिसतो. पहिल्या भेटीत 'विकपाची ना' म्हणणाऱ्या बाई चौथ्या भेटीत किंमत सांगतात, त्या मधल्या दोन खेपांत काय झालं? पाच पुरुष, पाच मोबाइल, फाटकाशी उभ्या मोटरसायकली. एकटी राहणारी बाई पिच्छा सुटावा म्हणूनही आकडा सांगते. तसं नसेलही. पण पुढच्या वेळी एकटे जा, पत्नीला घेऊन गेलात तर उत्तम, आणि गाडीचा विषय बाईंना काढू द्या.

किंमत सांगायची का? सांगायची. त्यात सज्जनपणा आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी लपवून तुमचं काम होणार नाही. गोव्यात विवाहितांना पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची, निम्मी त्याची. तो गेला की त्याच्या निम्म्यात मुलांचा वाटा येतो. म्हणजे बाई एकट्या सही करून ही गाडी तुम्हाला देऊ शकत नाहीत. लिस्बन आणि स्विंडनचीही संमती लागणार, बहुधा मुखत्यारपत्राने. ती मुलगी मोबाइलवर 'फियाट ११००' टाईप करणार नाही असं वाटतं तुम्हाला? ज्या दिवशी तिला खरा भाव कळेल त्या दिवशी तुमची साठ हजारांची लॉटरी फिसकटेल, आणि बेटावर तुमचं नावही होईल. त्यापेक्षा दोन जुन्या फियाटवाल्यांकडून सध्याच्या अवस्थेतल्या गाडीचा अंदाज लेखी घ्या, तो बाईंसमोर ठेवा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करून दाखवा. उरेल तो आकडा साठपेक्षा वर असेल, पण तुमचे मित्र म्हणतात तेवढा बहुतेक नसेल. चार लाखांचा भाव चालत्या, कागदपत्रं असलेल्या, रंगवलेल्या गाडीचा असतो. ठोकळ्यांवरच्या गाडीचा नव्हे.

आता कागद. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी स्वतः पोळलेली आहे. २००९ साली म्हापशाजवळ एका स्टँडर्ड हेराल्डला मी विसार दिला होता. हेराल्डचं अख्खं बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट पुढे उलटतं. ते उघडून दाखवलं आणि मी पाघळले. कागदावर आजोबांचं नाव होतं, वारस तीन भाऊ, तिघांची तोंडं तीन दिशांना. विसार परत मिळाला, पण तो मिळेपर्यंत दोन पावसाळे गेले. हेराल्ड बहुधा अजून तिथंच आहे. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी आरसी बुक, मग बॉनेट.

आरसी बुक मागा. हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून मालकाच्या बाजूने नमुना २६ भरावा लागतो. मालक वारले की वारसाने तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असते; तुमच्या बाबतीत ते वीस वर्षं राहिलंय. म्हणजे साखळी अशी की आधी वारसांची कागदपत्रं, मग गाडी बाईंच्या नावावर, मग नमुना २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर. मधली कडी गाळून 'थेट करून देतो' म्हणणारा एजंट भेटेल. त्याला नमस्कार करून पुढे चला. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर पत्र्यावर आणि पुस्तकात एकच आहेत का ते पेन्सिलचा छाप घेऊन तपासा. इतकी जुनी नोंद संगणकावर नसण्याचीच शक्यता जास्त. ती चढवून घ्यायला आरटीओत खेपा होतील, त्या गृहीत धरा.

इथं एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं असलेली खासगी गाडी त्यात बसते. १९६६ ची डिलाइट वयाने बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे तो जीडी नंबर जाणार नाही. पण त्याच नियमांत लिहिलंय की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. साध्या नोंदणीवर ठेवली तर रोज चालवता येईल, पण दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीला त्याची फी १० हजार. नूतनीकरण चुकलेलं असेल तर महिन्याला ५०० रुपये उशिराचे. इतक्या वर्षांचे किती मागतात, हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

लग्नाच्या भाड्याचं गणित इथंच कोसळलं, लक्षात आलं असेल. विंटेज नोंदणीला धंदा वर्ज्य. साध्या पांढऱ्या पाटीवर पैसे घेऊन प्रवासी बसवले तर परवान्याशिवाय वाहतूक, पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड. आणि गोव्यात टॅक्सीवाल्यांच्या नजरेतून पांढऱ्या पाटीची भाड्याची गाडी सुटेल असं मित्रांना वाटत असेल तर ते रविवारी फक्त गाड्याच बघतात, माणसं बघत नाहीत. पण दंड सोसवेल, विमा नाही सोसवणार. खासगी विम्याची गाडी भाड्याने चालली आणि नवरदेवासकट गडग्याला धडकली, तर कंपनी हात वर करील आणि भरपाई तुमच्या साडेतीन लाखांतून जाईल. उभ्या गाडीशेजारी फोटो काढायला देणं हा प्रकार निराळा, पण त्यालाही आधी विमा कंपनीला लेखी विचारा. 'वर्षात पैसे सुटतील' हे वाक्य तुमच्या हिशेबातून खोडा. ही गाडी पैसे खाणारी आहे. ते मान्य करून घेतलीत तर निदान नवरा-बायकोत भांडण एकच होईल.

पत्रा तपासताना चुंबक घेऊन जा, साधा फ्रिजवर चिकटवतो तसला. तो जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे. दाराच्या खालच्या कडा, दाराखालचा उंबरा, डिकीत स्टेपनी बसते तो खळगा, पायाखालची पाटं (मॅटिंग उचलून बघा, लाजू नका), पुढच्या काचेच्या रबराखालचा भाग. नदीकाठचं बेट, वर्षाला शंभर इंचांच्या घरात पाऊस, खारी हवा. इंजिन एकवेळ सुधारतं. ११०० चं १०८९ सीसी इंजिन पुढे तिचंच पुढचं रूप असलेल्या प्रीमियर पद्मिनीतही होतं, पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत कुर्ल्यात बनत होती, आणि कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर अजून बरंच काही मिळतं. डिलाइटचं क्रोम, दिव्यांच्या कडा, आतले हँडल मात्र मिळत नाहीत, म्हणून जे आहे ते जागेवर आहे का याची यादी करा. कुजलेल्या पत्र्याला कुर्ल्यातही उत्तर नाही, तो कापून नवा वळवणारा कारागीर लागतो आणि तो दिवसावर पैसे घेतो.

आणि कृपा करून बॅटरी जोडून स्टार्टर मारून बघू नका. मित्रांना तेच करायचं असतं, व्हिडिओसाठी. वीस वर्षं उभ्या इंजिनाचे प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस थांबायचं, मग हाताने फिरतं का बघायचं. पेट्रोलची टाकी उतरवून धुवायची. ब्रेकचे सगळे रबर बदलायचे, चांगले दिसले तरी. इंधनाच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही नवाच घ्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, तडकतं. मेकॅनिकने 'चालेल की' म्हटलं तरी बदला.

लीजबद्दल. तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उडवलंय, ते मला आवडलं नाही; सगळ्या पत्रात हिशेब करणारी ती एकटीच आहे. पण या एका मुद्द्यावर मी तिच्याशी सहमत नाही. लीजमध्ये दरमहा रक्कम भरायची, बहुतेक करारांत विमा-सर्व्हिसिंग त्यातच, किलोमीटरला मर्यादा, आणि मुदत संपली की गाडी परत. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला किंवा कंपनीकडून पगारातच सोय होणाऱ्याला ते परवडतं. तुमच्या घरची गाडी १४ वर्षांची आहे म्हणजे तुम्ही गाडी झिजेपर्यंत वापरणारी माणसं. तुम्हाला कर्जाने घेतलेली, नाहीतर चांगली तीन-चार वर्षं वापरलेली गाडी बरी. लीज घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी वाचा: मध्येच सोडली तर किती भरायचं, आणि गाडी कुठल्या राज्याच्या नोंदणीची. बाहेरच्या नंबराची गाडी बारा महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवली तर इथली नोंदणी करावी लागते, आणि तो कर कोण भरणार हे आधी ठरलेलं बरं.

कौलांवर मी काही लिहीत नाही. मे महिना कुणासाठी थांबत नाही.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही ते. बाबांची टॅक्सी गेली तेव्हा तुम्ही सतरा-अठरा वर्षांचे असाल. बाबा डाव्या हाताने स्टिअरिंगजवळचा गियर टाकत आणि तुम्ही पुढच्या अखंड सीटवर मध्ये बसत, असं लिहिलंय. पत्रातला तेवढाच भाग गाडीच्या भावाबद्दल नाही. म्हणून विचारते, तुम्ही मोठेपणी फियाट स्वतः चालवली आहे का? पत्रात कुठं दिसलं नाही. नसेल, तर कुणाची चालती पद्मिनी एक दिवस मागा, त्याला शेजारी बसवा, पेट्रोल तुम्ही भरा. फोंड्याहून मडगावला जा, बोरीचा पूल आणि तिथला चढ, भर दुपारी, एसी नाही, मागे मुलं. परत आल्यावर हात दुखले आणि तरीही हसू येत असेल, तर मग बोलू. कदाचित तुम्हाला दिवाडीची डिलाइट नकोच असेल. नव्वदच्या दशकातली चालती, कागद चोख असलेली पद्मिनी हवी असेल. ती विंटेजमध्ये बसणार नाही, मित्र तिचे फोटोही काढणार नाहीत, पण ती बाबांच्या गाडीच्या जास्त जवळची आहे आणि रोज बाजारात नेता येते.

आणि डिलाइटच हवी असेल, तर विकत घेण्याआधी मधला एक मार्ग आहे, जो या छंदातली माणसं फारशी बोलत नाहीत कारण त्यात मालक म्हणून मिरवता येत नाही. सांभाळायला घ्या. गाडी बाईंची, वारसनोंद करून त्यांच्याच नावावर, विमा त्यांच्या नावाने. दुरुस्ती आणि फिरवणं तुमचं. वकिलाकडून साधा करार करून घ्या. दोन किंवा तीन वर्षं मुदत, तुम्ही केलेल्या खर्चाच्या पावत्यांची नोंद, गाडी कुठं उभी राहणार, अपघात झाला तर काय, आणि कुटुंबाने कधी विकायची ठरवली तर पहिला हक्क तुमचा आणि तुमचा खर्च किमतीतून वजा. मुलांच्या सह्या त्यावरही घ्या. यात तुमचे पैसे हप्त्याहप्त्याने जातात, कौलं होतात, आणि पत्रा किती कुजलाय हे कळेपर्यंत तुम्ही अडकलेले नसता. बाई 'नाही' म्हणाल्या तर ते 'नाही'च समजा, पाचवी खेप नको.

विमा काढताना गाडीची किंमत किती धरायची हे पाच वर्षांपुढच्या गाडीला कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. फोटो, अंदाजपत्रक, पावत्या दाखवून आकडा वाढवून घ्या, नाहीतर कंपनी भंगाराचा भाव धरते.

मित्रांना एक निरोप द्या, तो या सदराच्या इतर गाडीवेड्या वाचकांनाही लागू आहे. जुन्या गाडीचा फोटो टाकताना घर, फाटक आणि नंबर झाकत जा. गोवामुक्तीआधीच्या मोकळ्या आयातीतल्या युरोपी गाड्या गोव्यात अजून कुठे कुठे गराजीत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे एकटं म्हातारं माणूस आहे. तुमच्या फोटोनंतर आठवड्याभरात तिथं दलाल पोचतो, आणि पंधरवड्यात बॉनेटवरचं चिन्ह नाहीतर व्हीलकॅप नाहीसा होतो. तुमच्या फोटोमुळे दिवाडीला आणखी कोण कोण गेलं, हे बाईंना एकदा विचारून बघा.

येत्या रविवारी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने जाल तेव्हा चुंबक आणि पेन्सिल घेऊन जाऊ नका. ते दुसऱ्या खेपेला. या खेपेला एवढंच विचारून या: गाडी ठोकळ्यांवर कुणी चढवली, आणि चादर दर किती दिवसांनी धुतात.